आयुष्यात एकदाच मिळणारं ऑलिंपिक: युरोपातल्या पोरांचा महोत्सव आणि मारिबोरचे तीन दिवस

ग्राझचा सदू

राम राम मंडळी,

परवाच्या 'मुलांना खेळात किती ओढावं' या धाग्यात मी ओघात 'एयोफ'चा उल्लेख केला आणि तीन-चार जणांनी 'हे काय नवीन?' म्हणून विचारलं. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. आधीच सांगतो, मी खेळातला जाणकार वगैरे नाही. चिंचवडहून ऑस्ट्रियातल्या ग्राझला आलेला गिअरबॉक्सवाला इंजिनिअर. पोहणाऱ्या एका मुलीचा बाप, म्हणजे पहाटे साडेपाचला गाडी काढणारा आणि तलावाच्या काचेबाहेर थर्मासमधला चहा पीत बसणारा प्राणी. पात्रता तेवढीच.

तर युरोपियन युथ ऑलिंपिक फेस्टिव्हल. आद्याक्षरं जोडून आम्ही घरात 'एयोफ' म्हणतो. दर दोन वर्षांनी, विषम साली भरतो. त्याच साली हिवाळ्यात एक, उन्हाळ्यात एक. पन्नासच्या आसपास देश आणि साधारण चौदा ते अठरा वयाची मुलं. भरवतात युरोपातल्या राष्ट्रीय ऑलिंपिक समित्या मिळून. कल्पना जाक रोगे यांची. हे पुढे २००१ ते २०१३ आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष होते, पण तेव्हा युरोपच्या संघटनेचे प्रमुख होते. पेशाने हाडांचे डॉक्टर, आणि बेल्जियमकडून तीन ऑलिंपिकमध्ये शिडाच्या होडीच्या शर्यतीत उतरलेले. पहिला उन्हाळी महोत्सव त्यांच्याच देशात, ब्रसेल्सला, जुलै १९९१ मध्ये झाला. पहिला हिवाळी १९९३ साली इटलीतल्या आओस्ताला. सुरुवातीला नाव 'युथ ऑलिंपिक डेज' होतं, 'फेस्टिव्हल' नंतर झालं.

१९९१ चा जुलै डोळ्यासमोर आणा. सोव्हिएत युनियन शेवटचे महिने मोजत होतं. स्लोव्हेनियाने जूनअखेर युगोस्लाव्हियातून बाहेर पडल्याचं जाहीर केलं होतं आणि तिथली दहा दिवसांची लढाई नुकती कुठे थांबली होती. ब्रसेल्सच्या त्या पहिल्या महोत्सवात स्लोव्हेनिया नावाचा संघ असायचा प्रश्नच नव्हता. आणि आम्ही २०२३ च्या जुलैत महोत्सव पाहायला गेलो तो स्लोव्हेनियातच, मारिबोरला.

ग्राझ ते मारिबोर म्हणजे पुणे-लोणावळा समजा. तासाभराच्या आत पोचतो. द्रावा नदीकाठचं हे देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. नदीलगत लेंट नावाचा जुना भाग आहे, तिथे एका घराच्या भिंतीवर चारशे वर्षांहून जुनी द्राक्षवेल चढवलेली आहे आणि तिला अजून द्राक्षं लागतात. (नाशिककरांनी नोंद घ्यावी.) २०१३ ची हिवाळी विश्वविद्यापीठ स्पर्धा याच गावाला मिळाली होती, पण पैशांची तोंडमिळवणी होईना म्हणून ती काढून इटलीत त्रेंतिनोला दिली गेली. ती सल गावाच्या मनात असावी. पोस्टाच्या खिडकीपासून बेकरीपर्यंत जिकडेतिकडे महोत्सवाचे झेंडे होते.

आता ज्यासाठी धागा काढला ती गोष्ट. इथे बहुतेक खेळांत दोनच जन्मसालांच्या मुलांना घेतात. स्पर्धा दोन वर्षांनी. गणित करा: ज्याचं साल यंदा बसलं त्याचं पुढच्या खेपेला बसत नाही. म्हणजे जो येतो तो एकदाच येतो. गतविजेता नाही, 'मागच्या वेळी थोडक्यात हुकलं, यंदा बघून घेतो' नाही. शंभर मीटरला रांगेत उभी असलेली आठही मुलं पहिल्यांदाच आणि शेवटचीच तिथे असतात.

हे नियमात वाचलं तेव्हा काही वाटलं नव्हतं. तलावावर समजलं.

मुलींची २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची प्राथमिक फेरी. चौथ्या लेनमधली मुलगी तिसऱ्या वळणाला पहिली आली. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी टेकवावे लागतात. तिचा उजवा आधी लागला, डावा मागून आला. बोटभर फरक असेल. मला दिसलाही नाही, माझ्या बारा वर्षांच्या कन्येला दिसला. 'बाबा, गेली ही,' ती म्हणाली. पंचबाईंनी हात वर केला. ती मुलगी शर्यत पहिली संपवून फलकाकडे बघत होती, आणि तिच्या नावापुढे वेळेऐवजी बाद झाल्याची अक्षरं आली. ती पाण्यातून बाहेर आली नाही. पुढच्या फेरीच्या मुली खुर्च्यांपाशी येऊन उभ्या राहिल्या तरी ही दोरीला धरून होती. शेवटी तिची प्रशिक्षक आली, काठावर उकिडवी बसली, टॉवेल पुढे धरला. एक शब्द बोलली नाही. रागावली नाही, समजूतही घातली नाही. नुसता टॉवेल धरून बसली.

माझ्या पोटात खड्डा पडला. ही आता पुन्हा इथे येणार नाही, हे कोष्टक माझ्या डोक्यात झालेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तीच मुलगी तलावाबाहेरच्या हिरवळीवर भेटली. गळ्यातल्या पट्ट्याला पंचवीसतीस पिना अडकवलेल्या, आणि जोरदार सौदा चाललेला. हा इथला समांतर बाजार. प्रत्येक देशाची पोरं आपल्या देशाच्या पिना घेऊन येतात आणि आठवडाभर अदलाबदल करतात. मजा अशी की भाव उलटा असतो. जर्मनी, फ्रान्स, इटलीची पोरं ढिगाने, म्हणून त्यांच्या पिनांना किंमत नाही. अँडोरा, लिश्टेनश्टाइन, सॅन मारिनोचा संघ म्हणजे मोजकी डोकी, त्यामुळे त्या पिनांना सोन्याचा भाव. आमच्या देखत एका अँडोराला तीन जर्मनी आणि वर एक टोपी गेली.

कन्येकडे अर्थातच काही नव्हतं. तिने आईच्या पर्सवर हल्ला केला आणि टिकल्यांचं पाकीट काढलं. चमकीच्या, लाल-हिरव्या. पाच मिनिटांत हिरवळीवर रांग. आइसलँडच्या एका मुलीने दोन टिकल्यांना पिन दिली आणि टिकली कपाळावर लावून थेट सरावाला गेली. पाण्यात ती टिकली किती टिकली देव जाणे.

आपल्याकडच्या शालेय स्पर्धा ज्यांनी जवळून पाहिल्यात त्यांनी लिहावं. मी स्वतः फक्त लिंबू-चमचा खेळलेला आहे.


काडेपेटी

लिहिलंय झकास. पण मुद्दा काय? आयुष्यात एकदा जायचं, बोटभर चुकीने बाद व्हायचं, मग कपाळाला टिकली लावून घरी. यातून चँपियन घडतात कसे? युरोपवाल्यांकडे पैसे उतू जातायत म्हणून सहली काढतात झालं.

बाकी हे अझरबैजानात, बाकूला मोठ्या थाटात झालं होतं तेच ना?


ग्राझचा सदू

काडेपेटी, नाव सार्थ करताय :)

बाकूत दोन वेगवेगळ्या गोष्टी झाल्या, तिथे सगळ्यांचाच घोळ होतो. २०१५ साली झाले ते युरोपियन गेम्स, मोठ्यांचे. मुलांचा हा महोत्सव बाकूत २०१९ साली झाला.

आणि तुम्ही चँपियन विचारलात म्हणून त्याच बाकूचं सांगतो. १०० मीटर फ्रीस्टाइल तिथे रुमानियाच्या एका चौदा वर्षांच्या काटकुळ्या पोराने जिंकली, पन्नास सेकंदांच्या आत. डाव्हिड पोपोविची. तीन वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये रोमला त्याने याच अंतरात ४६.८६ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. तेव्हा वय सतरा. तो विक्रम २०२४ त चीनच्या पान झानलेने मोडला, पण त्याच वर्षी पॅरिसला पोपोविचीने २०० मीटरचं सुवर्ण नेलं. तर घडतात.

पण खरं सांगू? त्याचं नाव मी मुद्दाम मूळ लेखात घेतलं नाही. त्या शर्यतीत आणखी सात मुलं होती आणि त्यांची नावं ना तुम्हाला माहीत ना मला. सात पोरांचा महोत्सव वाया गेला असं समजायचं का, हा माझा प्रश्न आहे.


फटफटी

वाखूसा (वाचनखूण साठवली). टिकलीचा किस्सा भारी.


पीटी मास्तर (निवृत्त)

सदूभाऊ, नमस्कार. मी कोल्हापूर भागात एकतीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं. तुमचं ते 'दोन जन्मसालं' वाचलं आणि हसू आलं. आमच्याकडं जन्मसाल ही लवचिक बाब असते.

खोटं वाटेल, पण एका तालुका स्पर्धेत चौदा वर्षांखालच्या कबड्डीला समोरच्या संघाचा चढाईवाला आला, त्याच्या गालावर सकाळीच वस्तरा फिरलेला. कापलेलं दिसत होतं, वर तुरटी लावलेली. मी पंचांकडं गेलो. पंच म्हणाले, दाखला बघा. दाखला चोख! शिक्का, सही, सगळं. आमचा पोरगा जेमतेम पस्तीस किलोचा. दोन चढायांत खांदा निखळला त्याचा. घरच्यांनी खेळ बंद केला. मी त्यांच्या घरी तीनदा गेलो, पोराच्या आईनं चहा दिला आणि 'मास्तर, खेळाचं सोडून काहीही बोला' म्हणाली.

हे का होतं तेही सांगतो, नुसत्या शिव्या घालून काय उपयोग. आपल्याकडं प्रमाणपत्र म्हणजे पुढचं आयुष्य. दहावी-बारावीला वाढीव गुण, महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण. शेतात दोन एकर आणि तीन भावंडं असलेल्या बापाला वयाचे दोन वर्षं कमी करून हे मिळत असलं तर तो का नाही करणार? चूकच आहे, पण मला त्याचा राग येत नाही, दाखला देणाऱ्याचा येतो. आता वरच्या पातळीवर डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवतात, त्यामुळं धाक बसलाय. पण तालुक्याला कुठला एक्स-रे?

दुसरं. तुमच्या दोन सालांच्या नियमातही एक मेख आहे. एक पोरगं पहिल्या सालच्या जानेवारीतलं आणि दुसरं पुढच्या सालच्या डिसेंबरातलं, तर दोघांत जवळजवळ दोन वर्षांचं अंतर. पंधराव्या वर्षी दोन वर्षं म्हणजे हातभर उंची नि आवाज फुटलेला. डिसेंबरची पोरं सगळीकडंच मार खातात, युरोपातसुद्धा. म्हणून मी निवड करताना पोरांना आधी वाढदिवस विचारायचो. मुख्याध्यापक म्हणायचे, मास्तर ज्योतिष बघतात.


ग्राझचा सदू

मास्तर, दंडवत. डिसेंबरचा मुद्दा अगदी खरा. आमची कन्या नोव्हेंबरची आहे, म्हणून जास्तच लागला. इथे क्लबातल्या प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी मला बसवून तेच सांगितलं होतं: 'सोळाव्या वर्षापर्यंत ही मागेच दिसेल, तुम्ही घाबरू नका.' मी अर्थातच दर शनिवारी घाबरतो.


मंदारमाला

मला एकदम बालेवाडी आठवली. २००८ च्या ऑक्टोबरात पुण्याला राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या होत्या, आठवतंय का कुणाला? जिगर नावाचा वाघ होता शुभंकर, दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या शुभंकराचा, शेराचा धाकटा भाऊ. मी तेव्हा कॉलेजात होते आणि स्वयंसेवक म्हणून नाव दिलं होतं. आमच्या आईला वाटलं होतं मी भाषण वगैरे करणार. मला काम मिळालं जेवणाच्या मंडपात ताटं मोजायचं.

सदू, तुमच्या त्या पिनांच्या बाजारासारखंच तिथेही होतं. जमैकाच्या टी-शर्टला सगळ्यात जास्त मागणी, कारण दोनच महिन्यांपूर्वी बीजिंगला बोल्ट धावला होता. आणि युरोपातलीही पोरं होती: इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स वेगवेगळे, शिवाय माल्टा, सायप्रस. स्कॉटलंडच्या एका पोराने पहिल्या दिवशी वरणभाताला हात लावला नाही, नुसती केळी खाल्ली. चौथ्या दिवशी तो रांगेत ताट पुढे करून 'मोअर दाल' म्हणत होता. मी त्याला 'वरण' म्हणायला शिकवलं. 'वॅरन' म्हणायचा.

भारत पदकांत पहिला आला. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर तेच. आम्हाला अभिमान वाटलाच, खोटं कशाला बोलू. पण आमच्या मंडपात शेवटच्या रात्री जे झालं ते कुठेच छापून आलं नाही. सगळी पोरं ताटं वाजवत टेबलांमधून नाचत होती आणि कोण पदकवालं, कोण बिनपदकाचं, काही कळत नव्हतं. दीडशे ताटं हिशेबात कमी भरली. मला बोलणी बसली.


अभ्यासू अण्णा

चर्चा चांगली चालली आहे. थोडी भर.

रोगे यांनी आपल्या या युरोपियन प्रयोगाचंच मोठं रूप पुढे जगासाठी केलं. जुलै २००७ मध्ये ग्वातेमाला सिटीच्या बैठकीत युवा ऑलिंपिकला मंजुरी मिळाली आणि पहिलं २०१० साली सिंगापूरला झालं. २०१८ च्या ब्युनोस आयर्समध्ये आपल्या जेरेमी लालरिनुंगा, मनू भाकर, सौरभ चौधरी यांनी सुवर्ण घेतलं ते हेच. म्हणजे मनू भाकरच्या त्या पदकाचा धागा उलटा ओढत गेलं तर ब्रसेल्सच्या १९९१ पाशी पोचतो.

आशियात मात्र आपण फार वाईट वागलो. आशियाई युवा स्पर्धा २००९ ला सिंगापूर, २०१३ ला नानजिंग, आणि त्यानंतर थेट २०२५ मध्ये बहारीन. मधे बारा वर्षं. श्रीलंकेत ठरली, ती बारगळली; मग इंडोनेशिया, तेही बारगळलं. सदू म्हणतात तसा सालाचा हिशेब लावा. मधल्या कितीतरी सालांत जन्मलेल्या आशियाई मुलांना ही स्पर्धा मिळालीच नाही. युरोपात कोविडमुळे एकदाच खंड पडला. २०२१ चे दोन्ही महोत्सव २०२२ मध्ये झाले, फिनलंडला वुओकाट्टी आणि स्लोव्हाकियात बान्स्का बिस्ट्रित्सा. बिस्ट्रित्साही मूळ यजमान नव्हतं, कोशित्सेने हात वर केल्यावर पुढे आलं. पण केलं.

आणि काडेपेटींसाठी: देशांतर्गत पातळीवर आपलं खेलो इंडिया जवळजवळ दर साली होतं आणि त्यात आपण चांगलेच आहोत. २०१९ ला बालेवाडीतच महाराष्ट्राने ८५ सुवर्णांसह २२८ पदकं घेतली होती.


काडेपेटी

२२८! हे बघा, याला म्हणतात निकाल. टिकल्या नाहीत.


मंदारमाला

काडेपेटी, त्या २२८ पैकी तीन नावं सांगा बरं. गुगल न करता.


काडेपेटी

...पास.


उत्तरवारा

थोडं उशिरा येतेय. मी उन्हाळी नाही, हिवाळी महोत्सव पाहिला आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे तेव्हा आम्ही झाग्रेबला होतो आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये बोस्नियाच्या राजधानीला, सारायेव्होला गेलो होतो. जरा मोठं लिहिते, कंटाळा आला तर पुढे जा.

१९८४ चं हिवाळी ऑलिंपिक सारायेव्होला झालं होतं. समाजवादी देशातलं पहिलं. तिथल्या झेत्रा हॉलमध्येच टॉर्विल आणि डीन या ब्रिटिश जोडीने बर्फावर 'बोलेरो'च्या संगीतावरचं ते गाजलेलं नृत्य केलं. आठ वर्षांत युद्ध आलं. शहराला वेढा पडला तो १४२५ दिवस. झेत्रावर तोफगोळे पडले, तळघरात प्रेतं ठेवत, आणि बसायच्या लाकडी बाकांच्या फळ्यांच्या शवपेट्या केल्या असं तिथले लोक सांगतात. हॉलच्या आणि कोशेवो स्टेडियमच्या बाजूच्या मोकळ्या जागेत दफनं झाली. आजही स्टेडियमकडे चालत गेलं की डोंगरउतारावर पांढऱ्या दगडांच्या रांगा दिसतात. जवळ जाऊन तारखा वाचल्या तर बहुतेक दगडांवर शेवटचं साल १९९२, ९३, ९४.

२०१९ चं उद्घाटन त्याच कोशेवो स्टेडियमवर झालं. ८४ चं जिथे झालं होतं तिथेच. थंडी अशी की माझ्या मोबाइलची बॅटरी वाजवी सूचना न देता गेली. संघ एकेक करत आत आले. ती सगळी मुलं युद्ध संपल्यावर जन्मलेली.

या महोत्सवाचं नावच 'सारायेव्हो आणि पूर्व सारायेव्हो' असं होतं. ही दोन वेगळी शहरं आहेत. युद्ध थांबवणाऱ्या डेटन करारानंतर देशाचे दोन भाग झाले, आणि सीमा शहराच्या कडेने जाते. एक सारायेव्हो एका भागात, पूर्व सारायेव्हो सर्बांच्या भागात. कुंपण नाही, चौकी नाही. आम्ही मुद्दाम ट्रॉलीबसने गेलो. ती दोब्रिन्या वस्तीत संपते. उतरून दोन इमारती ओलांडल्या, पाच मिनिटं चाललो, आणि दुकानांच्या पाट्यांवरची लिपी बदलली. रोमनची सिरिलिक झाली. भाषा तीच. पाव तोच. बेकरीवाल्या बाईला मी उगाच विचारलं, तिकडे किती वेळा जाता? ती म्हणाली, कशाला? मी म्हटलं, फिरायला. तिने पाव कागदात गुंडाळला आणि पुन्हा म्हणाली, कशाला?

महोत्सवाच्या बसेस मात्र सरळ इकडून तिकडे जात होत्या. ८४ ला मुलींचं स्कीइंग याहोरिनावर आणि पुरुषांचं ब्येलाश्नित्सावर झालं होतं. आता एक डोंगर या भागात, दुसरा त्या. दोन्हींवर स्पर्धा झाल्या. बसमध्ये आमच्या पुढे दोन स्थानिक स्वयंसेवक पोरी होत्या, एक इकडची, एक तिकडची. त्यांचं सगळं बोलणं एका मुलाबद्दल होतं, आणि तो फिनलंडचा होता.

रोपवेने त्रेबेविचवर गेलात तर बॉबस्लेचा जुना काँक्रीटचा घसरमार्ग दिसतो. जंगलात सापासारखा पडलाय, रंगीत चित्रांनी भरलेला. तो कुणी पुरता दुरुस्त केला नाही. रोपवे मात्र सव्वीस वर्षांनी २०१८ त परत सुरू झाला.

महोत्सवाची ज्योत रोमच्या आरा पाचिसपाशी, म्हणजे शांतीच्या वेदीपाशी, पेटवून आणतात. एरवी मला अशा गोष्टींचं फारसं काही वाटत नाही. तिथे वाटलं.

(अवांतर: कदाचित माहीत नसेल, २०१५ चा हिवाळी महोत्सव तर दोन देशांत मिळून झाला होता, ऑस्ट्रियातलं फोरार्लबर्ग आणि लिश्टेनश्टाइन. पण तिथे पाच मिनिटं चालून लिपी बदलत नाही.)


फटफटी

उत्तरवारा, स्वतंत्र लेख लिहा यावर. 'कशाला' वाचून थांबलो.


काडेपेटी

शांतीची वेदी वगैरे ठीक. पण २०२२ मध्ये रशिया आणि बेलारूसची पोरं यात घेणं बंद केलं ना? पंधरा वर्षांच्या पोराने कुठे रणगाडा चालवला? तुमच्याच हिशेबाने त्यांची 'आयुष्यातली एकच संधी' गेली. आता बोला.


ग्राझचा सदू

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, आणि माझ्याकडे याचं धड उत्तरही नाही. मार्च २०२२ मध्ये वुओकाट्टीपासून त्यांना बंदी झाली. होय, त्या मुलांचा दोष नाही. दोन-चार सालांची तिथली मुलं कायमची मुकली.

पण मारिबोरला युक्रेनचा रिले संघ पाहिला तेव्हा दुसरी बाजूही समोर होती. त्यांच्या गावचे तलाव कुठे बंद, कुठे फुटलेले. शेजारच्या लेनमध्ये रशियाचा झेंडा लावलेली टोपी असती तर त्या पोरांना काय वाटलं असतं, हे मी ठरवू शकत नाही. झेंड्याशिवाय येऊ द्यावं असं माझी बायको म्हणते. मी अजून तिथवर आलेलो नाही. आमच्या जेवणाच्या टेबलावर हा वाद दोन वर्षं चालू आहे.


पीटी मास्तर (निवृत्त)

खांदा निखळलेल्या पोराला मी काय सांगितलं असतं, दाखला खोटा करणाऱ्या बापाच्या पोराचा दोष नाही म्हणून? दोष नव्हताच त्याचा. पण आमच्या पोराच्या समोर मी ते बोललो नसतो.


काडेपेटी

मास्तर, उपमा जुळत नाही. पण मान्य, तुमच्यासमोर काडी टाकायची नाही.


संपादक

युद्धावरची चर्चा राजकारण विभागातल्या चालू धाग्यावर करावी. त्या विषयावरचे पुढचे चार प्रतिसाद हलवले आहेत. इथे मूळ विषयावर लिहावे.


फुलराणी

सदूदादा, बाळबोध प्रश्न. माझा मुलगा नऊ वर्षांचा, डोंबिवलीत पोहतो. आठवड्याला तीन दिवस. सगळे म्हणतात आता रोज घाला नाहीतर राहून जाईल. तुमच्याकडे त्या वयात काय करतात? आणि क्रिकेट-फुटबॉल सोडून बाकी खेळांना तिथे तरी कुणी विचारतं का?


ग्राझचा सदू

फुलराणी, मी एका क्लबाचंच सांगू शकतो. नऊ वर्षांच्यांना आठवड्याला तीन दिवसच होते, आणि त्यातला एक दिवस अर्धा वेळ पाण्यात वॉटर पोलोसारखा धुडगूस. रोज नाही. रोज सुरू झालं ते बाराव्या-तेराव्या वर्षी, तेही मुलीने स्वतः मागितलं म्हणून. प्रशिक्षक एक वाक्य सारखं म्हणायचा, ते जर्मनमध्ये यमकात आहे, मराठीत सांगायचं तर 'आत्ता पाणी आवडू दे, घड्याळ नंतर आवडेल.'

बाकी खेळांचं म्हणाल तर मारिबोरला ज्युदोच्या हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. जॉर्जियाच्या पोरांची कुस्ती, चुकलो, ज्युदो, मास्तरांनी पाहायला हवी होती. कमरेत हात घातला की समोरचा उचललाच. हल्लीच्या उन्हाळी महोत्सवांत फुटबॉल नसतंच. त्यामुळे हँडबॉल, व्हॉलीबॉल, ज्युदोवाल्यांना त्या आठवड्यात तरी कुणाच्या सावलीत उभं राहावं लागत नाही. मारिबोरला स्केटबोर्डसुद्धा होतं. ते पोरं काय करत होती मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण पडल्यावर सगळ्यात जास्त टाळ्या तिथेच पडत होत्या.


उत्तरवारा

सदू, पुढचा उन्हाळी कुठे? गेल्या खेपेला २०२५ त उत्तर मॅसेडोनियात, स्कोपिएला झालं ना?


ग्राझचा सदू

हो, स्कोपिए झालं, आम्हाला जमलं नाही. २०२७ चा लिन्यानो साब्याद्दोरोला आहे. इटली, एड्रियाटिकचा किनारा. २००५ सालीही तिथेच झाला होता. इथल्या ऑस्ट्रियन लोकांसाठी लिन्यानो म्हणजे आपलं अलिबाग, त्यामुळे खोल्या आत्ताच भरायला लागल्यात. ग्राझहून चार तासांच्या आत पोचतो.

तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो: नाही, कन्या स्पर्धेत नसणार. शंभर मीटर बॅकस्ट्रोकला ती निवडीच्या वेळेपेक्षा चार सेकंद मागे आहे, आणि चार सेकंद म्हणजे तलावात अख्खी एक गाडी मधे उभी राहील एवढं अंतर. तिला ते माझ्याआधी समजलं. आता स्वयंसेवक म्हणून वयात बसतंय का ते तिचं चाललंय. आइसलँडची ती पिन अजून कंपासपेटीत आहे. यंदा पुण्याहून येणाऱ्या आजीला टिकल्यांची डझनभर पाकिटं आणायला सांगितलंय. चमकीच्याच आण, साध्या चालत नाहीत, असा निरोप गेलाय.


पीटी मास्तर (निवृत्त)

टिकल्या पाण्यात निघतात. कोल्हापुरी चपलेची बोटभर किचेन मिळतात इथं, चामड्याची. एक अँडोरा सहज येईल. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पन्नास पाठवतो.